वर्गातील यंत्र आणि उद्याचा शिक्षक

प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेसाठी आज अध्यापक विद्यालयात येणारा विद्यार्थी सोबत मोबाइल घेऊनच येतो. यंत्र कसे चालवावे हे त्याला शिकवावे लागत नाही. पुष्कळदा तोच आपल्या प्राध्यापकांना ते शिकवितो. त्यामुळे ही पिढी शाळांत रुजू झाली की वर्गातील तंत्रविज्ञानाचा प्रश्न आपोआप सुटेल, असा एक समज अधिकारीवर्गात आणि ग्रामपंचायतींतही आढळतो. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण त्याच्या आधारावर शाळांसाठी खरेदी होत असते, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे निर्णय घेतले जात असतात आणि त्या निर्णयांची किंमत अखेर तिसरी-चौथीच्या वर्गात बसलेले मूल देत असते.

‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालातील आकडे या संदर्भात बोलके आहेत. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात शिक्षणविषयक कामासाठी त्याचा वापर केलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापर केलेली ७६ टक्के. याच पिढीतील काही मुले आणखी तीन-चार वर्षांनी अध्यापक विद्यालयाच्या दारात उभी असतील. यंत्राशी त्यांची ओळख जुनी असेल. परंतु ती बव्हंशी करमणुकीची व गप्पागोष्टींची ओळख असेल. मोबाइल सफाईने चालविता येणे आणि त्याच्या साहाय्याने तीस मुलांना भागाकार समजावून देता येणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

आशा जुनीच आहे

नवे यंत्र शाळेचे रूप पालटून टाकील, ही आशा मात्र आजची नव्हे. चलचित्रांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ साली केले होते. पुढे आकाशवाणी आली, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. लॅरी क्यूबन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टीचर्स अँड मशिन्स’ या ग्रंथात १९२० पासूनचा हा इतिहास तपासला आहे. प्रथम मोठा गाजावाजा, नंतर यंत्राची उपयुक्तता सिद्ध करणारे प्रयोग, मग वर्गात प्रत्यक्ष वापर फारसा होत नसल्याचे आढळून येणे आणि शेवटी त्याबद्दल शिक्षकाला दोष देणे, असे चक्र प्रत्येक यंत्राच्या वाट्याला आल्याचे त्यांना दिसले. आपल्याकडील अनुभव याहून फार निराळा आहे, असे म्हणता येणार नाही.

त्यातही एक प्रयोग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने आपल्या देशात ‘साइट’ हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग करण्यात आला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविण्यात आले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीपासून तयार केलेला सुमारे तीन मीटर व्यासाचा अँटेना आणि गावाच्या सामाईक जागेत ठेवलेला संच, अशी ती व्यवस्था होती. सकाळी शाळेतील मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. या प्रयोगाची आठवण उपग्रहासाठी काढली जाते; वस्तुतः ती आणखी एका गोष्टीसाठी काढावयास हवी. या काळात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले आणि ते केवळ पडद्यावरून दिले गेले नाही. दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणी, छापील साहित्य व प्रत्यक्ष करून पाहावयाचे प्रयोग यांची सांगड घातलेली होती आणि प्रत्येक केंद्रावर चर्चा घडवून आणणारी व्यक्ती उपस्थित असे. शिक्षकाला आधी तयार करावे व मग यंत्राकडून अपेक्षा धरावी, हा क्रम तेथे पाळला गेला. पुढील काळातील कित्येक योजनांत तो उलटा झाला. संच आधी पोहोचला, शिक्षकाला त्याची माहिती नंतर झाली.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्याची शैक्षणिक चित्रनिर्मिती संस्था स्थापन झाली. तिने मराठीत मुलांसाठी कार्यक्रमांची मोठी निर्मिती केली. २०१७ साली ती बंद करण्यात आली. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मराठीत विचार करून तयार केलेली चित्रे आज पुन्हा हवीशी वाटतात, ही गोष्ट येथे जाता जाता नमूद करावीशी वाटते. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड दिसू लागले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांतील या कोडच्या कार्याशीच निगडित होता. या कल्पनेचे बलस्थान असे की, तीत यंत्र पुस्तकाची जागा घेत नाही. पुस्तकातील ज्या ओळीशी मूल अडते, त्या ओळीपाशी ते मदतीला येऊन उभे राहते.

मार्च २०२० नंतर शाळा बंद पडल्या तेव्हा या सर्व साधनांची एकाच वेळी परीक्षा झाली. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता तेथे ऑनलाइन तास पोहोचला नाही. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही मालिका अशा काही घरांपर्यंत पोहोचू शकली, कारण दूरचित्रवाणीचा संच अधिक घरांत होता. तथापि, पडद्याला मुलाची वही पाहता येत नव्हती. हातचा घ्यावयाचा विसरला आहे की मुळात दशक-एककच समजलेले नाही, हे ओळखणारे माणूस मध्ये नव्हते. गावोगावच्या ज्या शिक्षकांनी ओट्यावर, देवळाच्या मंडपात किंवा झाडाखाली चार-चार मुलांना बसवून वह्या तपासल्या, त्यांनी हीच उणीव भरून काढली.

प्रयोगांनी काय दाखविले

यंत्रामुळे मुले अधिक शिकतात काय, हा प्रश्न मतामतांवर सोडण्याचे आता कारण राहिलेले नाही. आपल्याच देशात यावर काळजीपूर्वक अभ्यास झालेले आहेत आणि भावी शिक्षकाच्या अभ्यासक्रमात त्यांना स्थान मिळावयास हवे.

वडोदरा शहरातील महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे अशा पद्धतीने गणिताचे खेळ देण्यात आले. मुलांच्या गणितात स्पष्ट सुधारणा झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात मुंबई व वडोदरा येथील ‘बालसखी’ उपक्रमाचीही तपासणी होती. त्यात वस्तीतीलच एखादी तरुणी मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून पायाभूत गोष्टी शिकवीत असे. तेथेही मुले पुढे गेली आणि खर्चाच्या मानाने पाहता बालसखीचा उपक्रम अधिक किफायतशीर ठरला. कोणत्याही शाळेसाठी संगणकाचा प्रस्ताव येतो तेव्हा ही तुलना समोर असावी.

गुजरातमधील दुसरा अभ्यास २००८ सालचा असून तो अधिक उद्बोधक आहे. संगणकावरील तोच पाठ काही शाळांत शिक्षिकेच्या तासाऐवजी देण्यात आला, तर काही शाळांत शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून. जेथे तो जादा होता, तेथे मुलांना लाभ झाला. जेथे त्याने शिक्षिकेच्या तासाची जागा घेतली, तेथे मुले इतरांपेक्षा मागे पडली. यंत्र तेच, पाठ तोच. फरक पडला तो यंत्र कशाच्या जागी आले यामुळे. चांगली शिकविणारी शिक्षिका बाजूला सारून आणलेला पडदा तोट्याचा ठरतो, इतका सरळ अर्थ यातून निघतो.

तिसरा अभ्यास दिल्लीचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. उच्च प्राथमिक व माध्यमिक वर्गांतील मुलांना शाळेनंतर एका केंद्रात संगणकाधारित सराव देण्यात आला. सुमारे साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत त्यांची प्रगती इतर मुलांपेक्षा पुष्कळच अधिक आढळली. तिचे मर्म चित्रांच्या आकर्षकपणात नव्हते. मूल सातवीत बसलेले असले तरी त्याची प्रत्यक्ष तयारी कोणत्या इयत्तेची आहे हे संगणक प्रथम पाहत असे आणि तेथूनच सुरुवात करीत असे. वर्गातील अनेक मुले कित्येक इयत्ता मागे होती. नेहमीच्या तासात त्यांच्यासाठी काहीच नव्हते.

याउलट, केवळ यंत्र वाटल्याने काय होते हे पेरू या देशाच्या अनुभवावरून दिसते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेखाली तेथील ग्रामीण शाळांत लॅपटॉप वाटण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित व भाषा यांच्या गुणांत काहीही वाढ आढळली नाही. याच योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील एका लहानशा एकशिक्षकी शाळेत झाला होता, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे.

चंद्राच्या कला : एक पाठ

एवढे विवेचन झाल्यावर प्रत्यक्ष पाठाकडे वळणे इष्ट ठरेल. चंद्राच्या कला हा विषय घेऊ. सराव पाठासाठी तो छात्राध्यापकांचा आवडता असतो, कारण त्यावर सुंदर चलचित्रे सहज मिळतात. अवकाशात सूर्य तळपतो आहे, पृथ्वी फिरते आहे, तिच्याभोवती चंद्र फिरतो आहे. मुले डोळे विस्फारून पाहतात, निरीक्षक प्राध्यापक समाधानाने मान डोलावतात आणि तास संपतो. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारावे की अर्धा चंद्र का दिसतो. बहुतेक मुले सांगतील, पृथ्वीची सावली पडते म्हणून. हे उत्तर ग्रहणाचे आहे, कलांचे नव्हे. परंतु ते मुलांच्या मनात चित्र पाहण्यापूर्वीही होते आणि पाहिल्यानंतरही राहिले.

असे का व्हावे? चलचित्रात मूल अवकाशात उभे असते. घरी मात्र ते अंगणात उभे असते. या दोन जागांची सांधेजोड त्याला एकट्याने करता येत नाही. ती करून देणे हेच शिक्षकाचे काम.

यासाठी पाठाची सुरुवात पंधरा दिवस आधी करावी लागते. मुलांनी शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून चंद्र पाहावा आणि वहीत त्याचा आकार व आकाशातील जागा काढावी. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो हे त्यांना सांगण्याची गरज राहत नाही. तो रोज पूर्वेकडे सरकलेला त्यांना दिसतोच. घरातील आजीला चतुर्थीच्या चंद्रोदयाची वेळ विचारावी. पंचांग न उघडताही तिला या विषयातील पुष्कळ काही ठाऊक असते. नंतर वर्गाच्या खिडक्या झाकून एका बाजूला एकच दिवा ठेवावा. प्रत्येक मुलाने काडीला टोचलेला चेंडू हातात धरून, तो डोक्याहून किंचित उंच ठेवून, स्वतःभोवती सावकाश फिरावे. चेंडूचा उजळलेला भाग कोरीपासून पूर्ण गोलापर्यंत वाढताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. येथे पृथ्वी म्हणजे त्याचे स्वतःचे डोके, आणि त्याची सावली चेंडूवर पडलेलीच नाही हेही त्याच्या ध्यानात येते. चेंडू खाली आणून डोक्याच्या सावलीत धरला की ग्रहण म्हणजे काय तेही तेथल्या तेथे उलगडते.

आणि मग चलचित्र दाखवावे. आता तेच चलचित्र निराळे वाटते, कारण प्रत्येक चौकटीत मूल स्वतःला शोधू लागते. मधेच चित्र थांबवून ‘या क्षणी आपल्या गावातून चंद्र कसा दिसेल, वहीत काढा’ असे सांगता येते. चंद्र पृथ्वीभोवती नेमका कसा फिरतो हे सर्व बाजूंनी दाखविणे फळ्याला किंवा चेंडूला जमत नाही; ते सामर्थ्य पडद्याचेच. म्हणून पडद्याला नकार नाही. त्याची पाळी केव्हा यावी, एवढाच प्रश्न आहे.

शिक्षणशास्त्रात यालाही नाव आहे. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान यांच्या संयोगातून शिक्षकाचे खास असे ज्ञान घडते, अशी मांडणी ली शुलमन यांनी १९८६ साली केली. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोलर या मिशिगन राज्य विद्यापीठातील अभ्यासकांनी २००६ साली तीत तंत्रविज्ञानाच्या ज्ञानाची भर घातली. या तिन्हींचा जेथे मिलाफ होतो तेथेच यंत्राचा योग्य वापर घडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मुलांच्या मनात सावलीची समजूत आधीपासून असते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच चलचित्र कोठे थांबवावे हे कळते.

लहान शाळेतील दुसरा हात

राज्यातील वाडी-वस्तीवरील शाळांत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता हे दृश्य नेहमीचे आहे. शिक्षक पहिलीला अक्षरे गिरवून घेत असतो तेव्हा चौथी मोकळी असते. अशा वर्गात यंत्राचे मोल शहरातील वर्गापेक्षा अधिक आहे. दहा मिनिटांची ध्वनिफीत ऐकून तिच्यावरील प्रश्न सोडविणे, दोघांनी मिळून एका टॅबवर गणिताचा सराव करणे, अशी कामे नेमून दिली तर शिक्षक दुसऱ्या गटाला निश्चिंतपणे वेळ देऊ शकतो. गुजरातमधील अभ्यासाचा इशारा येथे लागू पडत नाही, कारण या ठिकाणी यंत्र शिक्षकाच्या तासाच्या जागी येत नाही. रिकाम्या वेळेच्या जागी येते.

आणखी एक वापर फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा नंदुरबारमधील भिली बोलणारे मूल शाळेत पहिल्या दिवशी येते तेव्हा शिक्षकाची भाषा त्याला परकी असते. शिक्षकाने गावातील वडीलधाऱ्या बायकांकडून त्यांच्या गोष्टी, भाज्यांची व पाखरांची नावे, अंक मोजण्याची रीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतली, तर वर्षभरात त्या शाळेचा स्वतःचा भाषासंग्रह तयार होतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, नवी खरेदीही लागत नाही. लागते ती त्या गावात बसून ऐकण्याची तयारी.

ही दृष्टी आपल्याला नवखी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ साली सुरू केलेले व पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे कार्य आसपासच्या शंख-शिंपल्यांतून, बियांतून, पानांतून साधने घडवीत उभे राहिले. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात श्री. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी तयार करून दाखविली, आणि त्याच खेळण्यांची छोटी चलचित्रे महाजालावर सर्वांसाठी विनामूल्य ठेवली. काडी आणि चलचित्र यांत तेथे भांडण झाले नाही.

नवे साधन, नवी दक्षता

नोव्हेंबर २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची संभाषणसाधने सर्वांच्या हाती आली. पाठ टाचण लिहून देण्यास ती क्षणाचाही विलंब लावत नाहीत. छात्राध्यापकाने त्यांचा उपयोग करू नये असे म्हणणे व्यवहार्य ठरणार नाही. पण एका गोष्टीची जाण त्याला द्यावी लागेल. ही साधने चुकीची माहितीही खऱ्या माहितीइतक्याच आत्मविश्वासाने सांगतात आणि मराठीत त्यांचा हात इंग्रजीइतका बसलेला नाही. टाचण लिहिण्याचे प्रयोजन कागद भरणे हे नसून उद्याच्या तासाचा आज विचार करणे हे आहे. तो विचार यंत्रावर सोपविला तर टाचण निर्दोष होईल आणि वर्गात उभा राहणारा मनुष्य मात्र रिकाम्या हाताने उभा राहील. उलट, भागाकारावरील वीस निरनिराळी शाब्दिक उदाहरणे मागवून, त्यांतील आपल्या गावच्या बाजाराला जुळणारी आठ निवडून घेणे, हा शहाणा उपयोग झाला.

मुलांच्या माहितीची काळजी हा दुसरा मुद्दा. वर्गाची छायाचित्रे, मुलांची नावे, गुण व घरचे दूरध्वनी क्रमांक कोणत्याही उपयोजनात भरण्यापूर्वी ती माहिती कोठे जाते हे विचारण्याची सवय शिक्षकाला प्रशिक्षणातच लागली पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली केलेल्या अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद करण्यात आली आहे.

अध्यापक विद्यालय आणि ग्रामपंचायत

बी.एड. अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली घालून दिलेल्या आराखड्यात या विषयाला ‘माहिती व संप्रेषण तंत्रविज्ञानाचे चिकित्सक आकलन’ असे नाव आहे. त्यातील ‘चिकित्सक’ हा शब्द महत्त्वाचा. पुष्कळ ठिकाणी प्रात्यक्षिकाच्या नावाखाली स्लाइड तयार करणे एवढेच उरते. पाठ निरीक्षण पत्रकातही ‘शैक्षणिक साधनांचा वापर’ असा रकाना असतो आणि साधन दाखविले की गुण मिळतात. त्या रकान्याऐवजी निरीक्षकाने दोन प्रश्न विचारावेत : हे साधन नसते तर मुलांना नेमके काय समजले नसते? आणि साधन चालू असताना मुले काय करीत होती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘पाहत होती’ एवढेच असेल, तर पाठ पुन्हा बसवावा. वीज गेल्यावर तोच पाठ कसा पुरा करील, हेही छात्राध्यापकाला टाचणातच लिहावयास लावावे. आंतरवासितेच्या काळात त्याला त्याची गरज पडेलच.

ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या वाट्याचे काम याहून साधे आहे, आणि ते बहुधा त्यामुळेच राहून जाते. संच घेण्याचा ठराव एकमताने होतो, उद्घाटन होते, छायाचित्र निघते. पुढे वीजबिल थकते किंवा एखादी लहानशी केबल तुटते आणि संच कपाटात जातो. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या गुरुजींची बदली झालेली असते. खरेदीपूर्वी शिक्षकांना बोलावून कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठांसाठी संच हवा हे लेखी घ्यावे. खरेदीच्या रकमेतच तीन वर्षांच्या वीजबिलाची व दुरुस्तीची तरतूद धरावी. नवा शिक्षक रुजू झाला की जुन्याने त्याला संच चालवून दाखविल्याची नोंद प्रभार यादीत असावी. आणि संच बिघडला तर तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीला कोण नेणार, त्या सदस्याचे नाव ठरावातच लिहिलेले असावे.